खोटा ठसका

चिखलोलीत एक बोलणं होतं. लग्न ठरवावं भटाला विचारून, विहीर खणावी पाणाड्याला विचारून आणि मिरची कांडावी गोदूबायला विचारून. यातल्या पहिल्या दोघांचं चुकलेलं गावानं पुष्कळदा पाहिलं होतं. भटाच्या मुहूर्तावर लागलेली लग्नं मोडली होती, पाणाड्यानं दाखवलेल्या जागी खडक निघाला होता. पण गोदूबायचा मसाला चुकला असं कुणी ऐकलं नव्हतं.

होळी झाली की तिच्या अंगणात चटयांवर मिरच्या लाल होऊन पडायच्या. गावच्या बायका आपापल्या मिरच्या घेऊन तिच्या ओटीवर यायच्या. गोदूबाय एकेक मिरची हातात घ्यायची, कानाशी नेऊन हलवायची, आतलं बी वाजतंय का ऐकायची आणि मग सांगायची, ही किती, ती किती. सुरकुतलेली लांब ब्याडगी रंगाला. बारीक, टोकदार लवंगी ठसक्याला. पण मसाला उभा राहतो तो संकेश्वरीवर, असं ती म्हणायची. संकेश्वरी ना फार जहाल, ना मिळमिळीत. घरातल्या मधल्या सुनेसारखी. सगळं सांभाळते ती आणि नाव होतं दुसरीचं.

"मिरची जिभेला लागावी, पोटाला लागू नये," हे तिचं ठरलेलं वाक्य. सुक्या बोंबलाच्या कालवणाला संकेश्वरी पुढं हवी, कोलंबीला नुसती ब्याडगी पुरे, कारण कोलंबी गोड असते, तिच्यावर हात उगारायचा नसतो. वालाच्या बिरड्यात मसाला नावापुरता. पावसाळ्यात शेतावरून भिजून आलेल्या माणसाला मात्र लवंगीचा हात सढळ. जोडीला हिरव्या जाड पोपटी मिरच्या असायच्या, ताकात मुरवून, धने-मेथीचं सारण भरून उन्हात वाळवलेल्या. दोन मुठी भात चुकून जास्त शिजला तरी त्या तळलेल्या मिरचीबरोबर कधी संपला कळायचं नाही.

तिची सून काशी हे सगळं ऐकत मोठी झाली. मोठी झाली म्हणजे खरंच मोठी झाली, कारण लग्न होऊन आली तेव्हा तिला धड साडी नेसता येत नव्हती. आई लहानपणीच गेलेली. गोदूबायनं तिच्या डोक्यातल्या उवा काढल्या, तिला भाकरी थापायला शिकवली, पहिल्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसली. सासू म्हटलं की लोकांना जी आठवण होते ती काशीला कधी झाली नाही. आता कुणी म्हणेल, अशी सासू असते होय? असते. चिखलोलीत होती.

आणि म्हणूनच सगळा घोळ झाला. सासू वाईट असती तर काशीनं केव्हाच तोंडावर सांगितलं असतं, की आय, मागची दोन वर्षं तुझा मसाला तोंडात धरवत नाही.

दोन उन्हाळे झाले होते. मसाला असा जहाल, की कालवणाचा पहिला घास पोटात गेला की कपाळावर घाम. काशीचा नवरा जयदेव अंबरनाथच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत कामाला होता. पूर्वी त्याचा डबा उघडला की चार हात पुढं यायचे. आता एकही येईना. उलट थट्टा सुरू झाली. "जयदेव, काडतुसाचं पितळ आपन करतो रे, पन दारू तुज्या डब्यातून येते." जयदेव हसायचा आणि तांब्याभर पाणी पिऊन जेवण उरकायचा. घरी येऊन आईला एक शब्द बोलला नाही. गावच्या बायकाही बोलल्या नाहीत. कुणी म्हणालं, औंदा कल्याणहून तयार मसाला आणला. कुणी म्हणालं, माहेरून आला. ओटीवरची वर्दळ हळूहळू ओसरली आणि गोदूबाय म्हणायला लागली, "बायांना आता कष्ट नको झालेत."

मसाला चाखण्याची रीत होती. कांडलेला मसाला गावदेवीला दाखवल्याशिवाय कुणी उष्टवायचा नाही. फक्त घरातली मोठी बाई कांडतानाच चिमूट जिभेवर ठेवणार, आणि लवंगीची आणखी मूठ टाकायची की थांबायचं ते तीच सांगणार. तिचं "बस" ऐकलं की मुसळ थांबायचं. तेवढ्यापुरती तिची जीभ ही देवीची जीभ. देवीच्या जिभेला कोण सांगणार, की बाई, तू चुकतेस?

मग उमाचं लग्न ठरलं.

उमा गोदूबायची शेंडेफळ. मुलगा अंबरनाथचा, शरदचंद्र नावाचा, फॅक्टरीतच लागलेला, घर खातंपितं. साखरपुड्याला मुलाकडची माणसं जेवायला बसली. गोदूबायनं स्वतःच्या हातानं सुक्या बोंबलाचा रस्सा केला होता. मुलाची आई सखूबाय, अंगानं भरलेली, बोलायला मोकळी बाई. तिनं पहिला घास घेतला आणि तिला जो ठसका लागला तो थांबेचना. डोळ्यांना पदर, नाकाला पदर, पाण्यावर पाणी. शेवटी श्वास आला तेव्हा म्हणाली, "विहीनबाय, पोरगी पन अशीच हाय का?"

सगळे हसले. गोदूबायही हसली. तिला वाटलं, कौतुकच झालं. मागच्या पडवीत उमा भांड्यांना टेकून रडत होती, ते फक्त काशीनं पाहिलं.

आठवडा गेला असेल नसेल. मुलाचा काका महिपती जयदेवबरोबरच कामाला होता. त्यानं जेवणाच्या सुट्टीत जयदेवला बाजूला घेतलं आणि जरा चाचरत सांगितलं, की बाकी सगळं ठरल्याप्रमाणं, फक्त मसाल्याची बरणी तेवढी राहू द्या. आमचा आम्ही कांडू.

ज्याला हे साधं वाटेल त्याला त्या गावातली बरणी माहीत नाही. पोरगी सासरी निघाली की तिच्याबरोबर आईच्या हातच्या मसाल्याची चिनीमातीची बरणी जायची. सासरच्या चुलीवर नव्या नवरीचा पहिला रस्सा त्याच मसाल्याचा. त्या रश्श्यावरून घर कसं आहे ते ठरायचं. बरणी नको म्हणणं म्हणजे पोरगी चालेल पण तिची आई नको, असं म्हणणं. आणि एकदा नको म्हटलेली बरणी उमाला जन्मभर ऐकावी लागली असती. नवऱ्याशी भांडण झालं तरी बरणी निघाली असती, मीठ जास्त पडलं तरी बरणी निघाली असती.

"आयला कोन सांगणार?" जयदेवनं काशीला विचारलं.

"कोनी नाय," काशी म्हणाली. "तुमी महिपतीकाकाला सांगा, बरनी येनार. पयल्या दिवसाचा रस्सा करून बगा. नाय रुचला तर माज्याच हातात परत द्या."

बोलून गेली खरी, पण मग तिची झोप उडाली. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून तीच जाणार होती. परत आलेली बरणी काखेत घेऊन चिखलोलीच्या वेशीतून आत यायचं, ओटीवर गोदूबाय वाट बघत बसलेली असणार, आणि तिच्यापुढं ती बरणी ठेवायची. 

अंबरनाथच्या शंकराचं देऊळ मागं टाकून वालधुनी नदी ओलांडली, की निर्वासितांच्या कॅम्पाच्या बराकी लागायच्या. सरकारनं त्याला उल्हासनगर नाव देऊन वर्षं झाली होती, पण चिखलोलीच्या बायकांना तो कॅम्पच होता. काशी तिथं पावसाळी भाजी आणि उन्हाळ्यात करवंदं विकायला जायची. तिथं जेठीबाय म्हणून एक सिंधी बाई बराकीच्या दारातच खोके मांडून सुक्या मिरच्या आणि पापड विकायची. काशीची भाजी संपली नाही तर उरलेली तीच ठेवून घ्यायची. दोघींची भाषा वेगळी. पण मिरची हातात असली की अडत नसे.

काशीनं तिला सगळं सांगितलं. जेठीबायनं ऐकून घेतलं, पोपटी मिरचीत आमचूर-धन्याचं सारण भरता भरता. मग हात पुसून खोक्यातून दोन मिरच्या काढल्या.

"देख अदी, बहन," ती म्हणाली, "ये छोटी मारती है. ये लंबी सिर्फ रंग देती है, मारती नहीं. तेरी सास छोटी जादा डालती होगी."

"सूपभर टाकते गो."

"तो छुपा दे ना." जेठीबाय अगदी सहज म्हणाली. "उसकी जगह इसका चूरा रख. बूढ़ी आँख को क्या पता?"

गोदूबायच्या डोळ्यांत सारा येऊन नजर धूसर झाली होती, हे खरंच होतं. काशी ब्याडगीचा चुरा घेऊन घरी आली. वाटेत तिला स्वतःचीच लाज वाटत होती. ज्या बाईनं आपल्याला मिरची ओळखायला शिकवली तिच्याच सुपात भलती मिरची ठेवायची. पण उमाचं रडणं आठवलं की पाय पुन्हा उचलायचे.

चैत्रात, देवीचा वार टाळून, मसाला कांडायला काढला. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीवरून जिवली आणि भिकी दरवर्षी कांडपाला यायच्या, तशा आल्या. अंगणातल्या उखळापाशी गोदूबाय पाट टाकून बसली. धने, खसखस, दगडफूल, दालचिनी आधीच भाजून ठेवलेली. काशीनं खरी लवंगी भाताच्या कणगीमागं लपवली आणि सुपात चुरा ठेवला.

"आय, औंदा लवंगी मोडकी मिलाली. चुराच हाय."

"मोडकी कशाला घेतलीस?" गोदूबाय कुरकुरली, पण सूप जवळ ओढून घेतलं.

काशीनं मिरच्यांना नेहमीसारखा तेलाचा हात फिरवला. मुसळं सुरू झाली. धप, धप. जिवली आणि भिकी एकीआड एक घाव घालत होत्या. ब्याडगी आणि संकेश्वरीचा लाल लगदा हळूहळू कोरडा, बारीक होऊ लागला. गोदूबायनं पहिली मूठ टाकली. थोड्या वेळानं चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. मग दुसरी मूठ. पुन्हा चिमूट. तिसरी.

काशी समोर तांदूळ निवडत बसली होती, पण लक्ष सगळं सासूकडं. आणि आज पहिल्यांदाच तिला काहीतरी दिसलं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं पण दिसलं नव्हतं. जिभेवर चिमूट ठेवल्यावर गोदूबायचा चेहरा जराही हलत नव्हता. ना ओठ दाबले, ना जीभ टाळ्याला लावली, ना लाळ गिळली. चिमूट ठेवून ती मान थोडी तिरकी करायची. जिवलीच्या बाजूला. मग थांबायची.

ती चाखत नव्हती. ती ऐकत होती.

"बाय," जिवली मुसळ उचलता उचलता हसून म्हणाली, "औंदा मिरची हाय का शेंगा? नाकाला काय समजतच नाय."

गोदूबायनं चौथी मूठ टाकली.  पाचवी. सूप निम्मं झालं. ती स्वतःशीच पुटपुटली, ते काशीला ऐकू गेलं. "ठसका कसा येत नाय?"

काशीच्या हातातले तांदूळ तसेच राहिले.

आणि मग तिला सगळं आठवलं, एकामागून एक. चार पावसाळ्यांमागं गोदूबायला मुदतीचा ताप आला होता. जीभ सोलून निघाली होती, कित्येक दिवस नुसत्या पेजेवर होती. उठली ती बरी होऊन, कुणाला काही बोलली नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्याचा मसाला झाला होता तो नेहमीसारखाच, नावाजण्यासारखा. कारण त्या उन्हाळ्यात उखळातून मिरचीची धूळ उडत होती, कांडणाऱ्या बायका खोकत होत्या, आणि किती खोकतात यावरून सबंध आयुष्य मिरचीत घालवलेल्या बाईला बरोबर अंदाज येत होता.

त्याच कांडपात जिवली पोटुशी होती. खोकून खोकून ती उखळाशी वाकली, पोट धरून बसली. काशीला ते बघवलं नाही. कॅम्पात जेठीबायला मिरच्यांना तेलाचा हात लावताना तिनं पाहिलं होतं, म्हणजे धूळ उडत नाही. पुढच्या वर्षीपासून काशीनंही तेल लावायला सुरुवात केली. जिवलीनं तिला दुवा दिला. अंगण शांत झालं.

म्हणजे ठसका काशीनंच बंद केला होता. आणि गोदूबाय, जीभ गेलेली, ठसक्याची वाट बघत मुठीवर मुठी टाकत राहिली होती. दोन वर्षं.

काशीला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. कामाला आलेल्या बाईची दया आली म्हणून तेल लावलं, चांगलंच केलं होतं. कोण म्हणेल वाईट केलं? पण त्या चांगल्यापायी घरातली म्हातारी गावात हसू झाली, आणि हसणाऱ्यांत आपण गप्प बसून सामील झालो. आता सुपात चुरा ठेवून वर आणखी फसवतोय.

गोदूबायनं पुन्हा मूठ भरली. सूप संपत आलं होतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते काशीनं त्या तापातसुद्धा पाहिलं नव्हतं. गोदूबाय घाबरली होती.

काशीला राहवलं नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि खोकली. एकदा, मग जोरात दोनदा.

गोदूबायची मूठ हवेतच थांबली. तिनं मान वळवली. उखळही थांबलं.

"जिवले, भिके," गोदूबाय म्हणाली, "जा गो, पडवीत आंबिल हाय. पिऊन या."

दोघी गेल्या. अंगणात नुसतं ऊन उरलं. 

"काशे," गोदूबाय म्हणाली, "मिरचीचा ठसका नाकात सुरू होतो. तुजा घशात झाला."

काशीनं मान खाली घातली.

"खोटा ठसका मना समजतो गो. जीभ नसली तरी कान हायेत." तिचा आवाज बारीक झाला होता. "तुना कवापासून ठावं?"

"आताच समजलं, आय. आता या घटकेला." आणि मग काशीला थांबता आलं नाही. रडत रडत तिनं सगळं सांगितलं. तेलाचं सांगितलं. फॅक्टरीतल्या थट्टेचं सांगितलं. सुपातल्या चुऱ्याचं सांगितलं. फक्त बरणीचं सांगताना अडली, तर गोदूबायच म्हणाली, "सखू काय बोलली ते पन सांग. काय तरी बोलल्याबिगर ती गप रायली नसंल." तेही सांगितलं.

गोदूबाय ऐकत राहिली. तिच्या मांडीवर लाल पूड सांडली होती, ती तिनं हळूहळू झटकली.

"तापातनं उठले नि पयला घास घेतला, तर तोंडात माती," ती म्हणाली. "वाटलं, येईल परत. नाय आली. विस्तव ठेवला तरी समजत नाय. पन कोनाला सांगू? या घरात मी आले तवा मना काय येत नव्हतं, दिसायला बी काली. एक या जिभेनं मान दिला. ती गेली सांगितलं असतं तर मी कोन राहिले असते?"

"आमची आय," काशी म्हणाली.

म्हातारीनं तिच्याकडं पाहिलं. सारा आलेल्या डोळ्यांना किती दिसलं कोण जाणे. मग तिनं उखळातली चिमूट उचलली आणि हात पुढं केला.

"चाख."

"आय, देवीला दाखवला नाय अजून."

"देवीला मी सांगीन. जीभ तिनंच नेली ना, आता दुसरी आनून दिली तर तिना काय बोलायचं तोंड नाय. चाख बोलते ना."

काशीनं जीभ पुढं केली. उभ्या आयुष्यात कांडपाच्या वेळी तिच्या जिभेला मसाला लागला नव्हता. तिनं डोळे मिटले. रंगाचा गोडवा आला, संकेश्वरीची खमंग चव आली, आणि पुढं काहीच नाही. गाणं सुरू व्हावं आणि ढोलकीवाला झोपून जावा तसं.

"लंगडा हाय," ती म्हणाली. "रंग हाय, चव हाय. पन उभा राहत नाय."

"मग कशाची वाट बघतेस? आन, जी लपवलीस ती."

काशी आत गेली आणि कणगीमागची लवंगी घेऊन आली. गोदूबायनं ती हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली आणि पहिल्यांदाच थोडी हसली. "कनगीमागं. मी पन सासूपासून तिथंच गूल लपवायची."

जिवली आणि भिकी परत आल्या. पुन्हा मुसळं चालू झाली. एक मूठ. काशीनं चाखलं, मान हलवली. आणखी अर्धी मूठ. आता काहीतरी जागं झालं होतं. गोदूबाय काही विचारत नव्हती, फक्त मान तिरकी करून बसली होती. काशीनं आणखी थोडी टाकली, घाव पडू दिले, चिमूट तोंडात ठेवली. जिभेवर चव पसरली, मग नाकाच्या शेंड्याला मुंगी चावल्यासारखं झालं, आणि सांगून सवरून नव्हे तर आपसूक, तिला एक छोटासा ठसका आला.

"बस," गोदूबाय म्हणाली.

लग्न वैशाखात लागलं. धवलारणीनं लग्नाचे धवले गायले, गाव जेवलं. उमाबरोबर काशी पाठराखीण म्हणून अंबरनाथला गेली. काखेत बरणी होती, तोंडाला फडकं बांधलेली. दुसऱ्या दिवशी नवरीला चुलीपाशी बसवलं. उमा अशी घाईघाईनं टाकत होती की बोंबील पातेल्याबाहेर पडत होते. काशी मागं उभी होती. तिनं फक्त एवढंच सांगितलं, की मसाला तेलात पडला की लगेच पाणी घाल, जळू देऊ नको.

पंगत बसली. महिपतीकाकानं पाण्याचा तांब्या आधीच भरून जवळ घेतला होता. शहाणा माणूस. सखूबायनं भाताच्या कडेला थोडासाच रस्सा घेतला, जपून, आगीजवळ बोट न्यावं तसा, आणि घास तोंडात घातला.

काशी आतून बघत होती. दाराआड बरणी तिच्या पायाशीच होती, परत न्यायची झाली तर असावी म्हणून.

काशी संध्याकाळी एकटीच चिखलोलीला परतली. हात रिकामे होते. गोदूबाय ओटीवर बसली होती. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून काशी पायऱ्या चढून जवळ आली तशी तिनं आधी हात पुढं करून तिची काख चाचपली. काखेत काही नव्हतं. मग ती मागं टेकून बसली.

"ठसका कोनाला आला?" तिनं विचारलं.

"सखूबायला. एकच. आनि मग तिनं उमाला बोलावलं, वाटी पुढं केली, बोलली, अजून वाढ गो पोरी."

"बरनी?"

"तिनं सोताच्या हातानं फलीवर ठेवली. चुलीच्या वर."

गोदूबायनं पदरानं डोळे पुसले.  काशीला वाटलं, विषय संपला. ती पाय धुवायला उठली, तेवढ्यात म्हातारीनं तिचा पदर धरला.

"ठसका कसा होता?"

"म्हंजे?"

"करून दाखव ना. मना ऐकायचाय."

काशीला हसू आलं. ती पुन्हा बसली, पदर सावरला, सखूबायसारखं अंग हलवलं आणि एक ठसका काढला, जमेल तितका खरा.

गोदूबायनं मान तिरकी करून तो ऐकला.

"अजून घशातूनच करतेस," ती म्हणाली. "पन असू दे. जिभेचं तू बघ. ठसक्याचं मी बघते."

पुढच्या होळीनंतर बायका पुन्हा मिरच्या घेऊन त्या ओटीवर यायला लागल्या. मिरची गोदूबाय कानाशी नेऊन हलवायची आणि चिमूट काशीच्या जिभेवर ठेवायची.